मास्तर घरी, नवरा शाळेत

अगं, तुझा तेरावा काल झाला. आज सकाळी जावई लेकीला घेऊन ओतूरला गेले, दुपारी तुझा भाऊ मढला परत निघाला, आणि घरात मी एकटा उरलो. पाहुणे होते तोवर नीट रडायलाही फुरसत मिळाली नाही. जो तो तुझं काहीतरी चांगलं सांगत होता, आणि त्यातलं निम्मं तरी खोटं होतं. पाटील म्हणाले, "मास्तरीनबाई लई शांत. कदी मोठ्यानं बोलनं न्हाई का हसनं न्हाई." मी चटकन उपरणं तोंडावर धरलं. लोकांना वाटलं, मास्तरला हुंदका आला. त्यांनी मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मला हसू आलं होतं.

तू आणि शांत! तुझं हसणं नदीच्या या काठावर सुरू झालं की त्या काठावरची गुरं मान वर करून बघायची. पण पाटील पुरुषमाणूस, त्यांनी तुला पाहिलं ते डोईवर पदर घेऊन खाली मान घालून जाताना. त्यांचा दोष नाही. दुसरं असं की चार वर्षं तू खरंच शांत होतीस. ती पाटलांच्या चावडीवर नव्हे, माझ्या घरात होतीस, आणि तसं तुला मी केलं होतं. हे त्या भरल्या बैठकीत सांगावं असं फार वाटलं. धीर झाला नाही.

तुला तरी ते सांगायला मी सुरुवात केली होती. आठवतंय का? तू तापात होतीस. मी उशाशी बसून म्हणालो, "आपल्या संसाराच्या पहिल्या चार वर्षांबद्दल तू मला क्षमा करावीस अशी माझी विनंती आहे." तू डोळे उघडलेस आणि एवढ्या तापातही हसलीस. म्हणालीस, "अवं, ह्ये काय कचेरीत अर्ज केल्यावानी? मानसावानी बोला की." मी माणसासारखे शब्द शोधू लागलो, तेवढ्यात वैद्य काढा घेऊन आत आले आणि बोलणं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी तू राहिली नाहीस. त्या दिवसापासून ते अर्धं बोलणं माझ्याजवळ तसंच पडून आहे. आज घर रिकामं आहे, दौतीत शाई आहे, तेव्हा म्हटलं पुरं करून टाकावं.

पण आधी थोडी उजळणी. मास्तरला उजळणीवाचून पुढचा धडा घेता येत नाही, हे तुला माहीत आहे.

तुझ्या आजानं मेंढरं राखली, माझ्याही आजानं राखली. तुझ्या घरात ‘व्हतं’ म्हणत, माझ्याही घरात ‘व्हतं’च म्हणत. मी सोळा वर्षांचा होईतो दुसरं काही म्हणतात हे मला ठाऊकही नव्हतं. मग पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात गेलो. पहिल्याच दिवशी उभं राहून "न्हाई मास्तर" म्हणालो आणि सगळा वर्ग खदखदून हसला. ते हसणं मी दोन वर्षं भाकरीबरोबर खाल्लं. रोज सकाळी जीभ घासून घासून ती इतकी लख्ख केली की सुट्टीत घरी आलो तेव्हा आई म्हणाली, "पोरगं पोथी वाचल्यावानी बोलतंय, कुनी करनी तर न्हाई ना केली?" तिला मी हसलो. मला वाटलं, अडाणी आहे बिचारी.

मग घोड नदीकाठची ही शाळा मिळाली, चावडीमागची ही दोन खणांची जागा मिळाली, आणि तू मढहून नांदायला आलीस. घरात सासू नाही, दीर नाही, कुणी वडीलधारं नाही. दोघंच. त्या काळात असं नशीब किती जणींच्या वाट्याला यायचं? तुला वाटलं असणार, आता पोटभर बोलता येईल.

आणि तू बोललीसच. पहिल्याच संध्याकाळी चुलीपुढं बसून वाटेतला सगळा प्रवास सांगायला लागलीस. ओढ्यात गाडीचा एक बैल मटकन खाली बसला, काही केल्या उठेना, तुझा भाऊ पाण्यात उतरला, "आन् गाडीवान तर पार रडकुंडीला आला व्हता."

मी म्हणालो, "होता."

तू म्हणालीस, "काय व्हता?"

"व्हता नव्हे. होता."

तू हसलीस. तुला वाटलं, नवी थट्टा आहे. "बरं, होता," म्हणालीस आणि पुढं निघालीस, पण चार वाक्यांत मी तुला सहा वेळा थांबवलं. शेवटी तू भाकरी थापायला लागलीस. तो बैल उठला की नाही, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

पुढं तर मला चेवच चढला. तुझा ‘न’ आणि ‘ण’चा घोळ निस्तरायला पाटीवर वाक्य लिहून दिलं, ‘कोणी पाणी आणले’, आणि जेवणाआधी ते दहा वेळा म्हणायचं असा नेम केला. तू नदीवरून डोक्यावर दोन हंडे घेऊन यायचीस, घामानं भिजलेली, आणि दारात मी उभा: म्हण, कोणी पाणी आणले. अगं, तूच आणलं होतंस! हा विनोद मला अठरा वर्षांनी आज लिहिताना कळतोय. तुला तेव्हाच कळला असणार, पण तू सांगितला नाहीस.

हळूहळू तुझ्या चुका कमी झाल्या. मी खूश झालो. मला वाटलं, सुधारणा होतेय. सुधारणा कसली, बोलणंच कमी झालं होतं. "जेवा." "वाढू?" "बरं." "हं." एवढ्या चार शब्दांत तू आख्खा दिवस भागवायला शिकलीस, आणि त्यात शुद्धलेखनाची चूक काढायला काही जागाच नव्हती.

मग मला एकटं वाटायला लागलं. हे मी कधी कबूल केलं नाही, पण खरं आहे. दिवसभर चाळीस पोरांचा कालवा, आणि संध्याकाळी घरी यावं तर भिंतीसमोर बसल्यासारखं. डिपोटीसाहेब तपासणीला आले आणि त्यांचं घोडं शाळेच्या फाटकाला बांधलेलं असताना पोरांच्या पाठकोऱ्या वह्यांची चळत खाऊन गेलं, ही गोष्ट मी किती रंगवून सांगितली! तू "हं" म्हणालीस. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायचो, तू तांदूळ निवडायचीस. मला तुझा राग यायचा. माझ्या नशिबी ही दगडाची मूर्ती का, असं वाटायचं. पुण्याच्या एका दोस्ताला मी पत्रात लिहिलं, ‘माझे गृहजीवन नीरस आहे.’ त्यानं उलट टपाली सल्ला दिला की पत्नीस शिक्षण दे. मी आणखी शिकवायला लागलो. तू निघालीस आगीतून फुफाट्यात.

आणि तुझं काय चाललं होतं? परसात शेळी बांधलेली असायची. तिच्याशी तू बोलायचीस. मला लांबून कुजबुज ऐकू यायची, मध्येच एखादी खुसखुसही. माझं पाऊल वाजलं की गप्प. मला त्या शेळीचा हेवा वाटायचा, यावर आज कुणी विश्वास ठेवणार नाही. एकाच घरात दोन माणसं आपापल्या जागी एकटी बसली होती, आणि दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याला काही पडलेली नाही.

हे सगळं उघडं पाडलं टपालवाल्या गेनूनं. एक दिवस पत्रं देताना तो म्हणाला, "मास्तर, तुमचं कुटुंब काय बोलतं राव! नदीवर बाया धुनं इसरत्यात." मी म्हणालो, तुझी काहीतरी गफलत होतेय, ती दुसरी कोणी असेल. गेनू म्हणाला, "आवं, आख्ख्या गावाला ठावं हाय. तुमालाच कसं न्हाई?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

रविवारी शाळेला सुट्टी. तू धुणं घेऊन गेलीस आणि पाठोपाठ मी. चोरासारखा करंजाच्या झाडामागं जाऊन उभा राहिलो. एका सरकारी शिक्षकाला हे शोभत नव्हतं, पण पाय ऐकेनात.

तू मधल्या खडकावर उभी होतीस. खांद्यावर ओलं लुगडं उपरण्यासारखं टाकलेलं, हातात करंजाची फांदी. समोर शेजारची तुळसा गुडघाभर पाण्यात बुडायचं सोंग करत होती. ती ओरडली, "वाचवा वो, पान्यात पडले!" तू काठी आपटून, माझाच आवाज काढून म्हणालीस, "पान्यात नव्हे. पाण्यात. ‘ण’ कुठून निघतो? पुन्हा म्हण. शुद्ध म्हटल्याशिवाय बाहेर काढणार नाही." तुळसा हात मारत म्हणते, "आवं, नाकातोंडात पानी जातंय!" आणि तू म्हणतेस, "नाकातोंडात हा समास बरोबर आहे. पाणी मात्र चुकलं."

बाया हसून हसून खडकावर आडव्या झाल्या. मला आधी संताप आला. मग काय झालं कोण जाणे, मलाच हसू फुटलं. समास हा शब्द तू कधी ऐकलास? म्हणजे मी बडबडत होतो ते तू सगळं कानांत साठवत होतीस. आणि काय आवाज काढला होतास! ही बाई माझ्या घरात राहते आणि मी हिला दगड म्हणतो, असं मनात आलं.

तेवढ्यात तुळसानं डोळे पुसत विचारलं, "काय गं, घरी बी अशीच हसवतीस का मास्तरला?"

तू लुगडं खांद्यावरून काढलंस. पिळायला लागलीस. आणि म्हणालीस, "घरी कुनाशी बोलू? घरी मास्तर असतो. नवरा अजून शाळंतनं आला न्हाई."

पुढं कुणी हसलं नाही. तू धुणं आपटायला लागलीस. मी लांबच्या वाटेनं घरी आलो. घरची गोष्ट नदीवर मांडली म्हणून तुला जाब विचारायचा असं वाटेत ठरवलं होतं. दारात पोचलो तोवर विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मोठा शहाणपणा केला. जेवताना म्हणालो, "आज कालवण लई झ्याक झालंया." तुझा हात पातेल्यातच थांबला. माझ्याकडं बघितलंस आणि तुझे डोळे भरून आले. "माजी नक्कल करता व्हय? येवडंच ऱ्हायलं व्हतं." करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. ज्या बोलीत मी सोळा वर्षं वाढलो ती माझ्या तोंडात सोंगाड्याच्या मिशीसारखी चिकटवलेली दिसत होती. पुढचे दोन दिवस तर "जेवा" हा शब्दही बंद झाला. ताट समोर यायचं, पाट मांडलेला असायचा, आणि शेळीसुद्धा माझ्याकडं पाठ करून बसायची.

तिसऱ्या दिवशी मला ते सोसवेना. तू परसात सूप घेऊन बसली होतीस. मी समोरच्या दगडावर बसलो आणि सांगून टाकलं, "रविवारी मी नदीवर होतो. करंजाच्या मागं."

तुझा हात सुपात थांबला. मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर उठून माहेरी जाणार. तू विचारलंस, "कवापासनं?"

"बुडणारी बाई ओरडली तेव्हापासून."

"तितं तांबड्या मुंग्या हायेत. चावल्या न्हाईत?"

"चावल्या व्हत्या की," मी म्हणालो. "पार मांडीपत्तुर."

ते मी ठरवून म्हटलं नव्हतं. त्या मुंग्या आठवल्या आणि तोंडातून गेलं. तू अशी हसलीस की सूप कलंडलं, तांदूळ मातीत गेले आणि शेळीची दिवाळी झाली. मग एकदम गंभीर होऊन म्हणालीस, "ह्ये खरं बोललात. परवाचं खोटं व्हतं." ट्रेनिंग कॉलेजच्या परीक्षेत मला वरचा नंबर मिळाला होता, पण तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

तरी लगेच भरवसा टाकलास असं नाही. माणूस पारखून घ्यायची तुझी रीत होती. मी घरी आलो की तू दारातच विचारायचीस, "शाळा सुटली का?" मी "सुटली" म्हणालो की मगच आत घ्यायचीस. बोलण्याच्या भरात मी कुठं दुरुस्ती केली की तांब्यावर पळी वाजवायचीस, टणटणटण. शाळा सुटल्याची घंटा. पहिल्या वर्षी त्या तांब्याला चार पोचे पडले.

त्या पहिल्या आठवड्यातच मी विचारलं होतं, "तो ओढ्यातला बैल उठला का गं?" तू चकितच झालीस. मग ती गोष्ट तू संध्याकाळभर सांगितलीस. बैल चार वर्षांनी उठला. गाडीवानानं त्याच्या कानात काय सांगितलं ते मी इथं लिहीत नाही, लेक हे कधी ना कधी वाचेल.

लेकीचं म्हणशील तर आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. ती माझ्यापुढं होतं म्हणायची, तुझ्यापुढं व्हतं म्हणायची, आणि आपण दोघंही समजत होतो की आपण जिंकलो. सासरी आता काय म्हणते ते या वेळी नीट ऐकायचं राहिलं.

पत्रांचा वाद मात्र आज मी मिटवून टाकतो. तू लिहायला शिकलीस ती अट घालूनच: मी बोलते तसंच लिहिणार. भावाला लिहायचीस, ‘आमी हितं बरं हावोत, तुमी कवा येताय?’ मी कपाळाला हात लावायचो. बोलायचं एक असतं, लिहायचं वेगळं असतं, असं सांगून सांगून माझा घसा बसला. तू म्हणायचीस, "त्यो माजा भाऊ हाय. त्याला माजा आवाज ऐकू यायला पायजे. तुमचं कागूद ऐकून त्याला वाटंल, सरकारनं नोटीस धाडली." आज दुपारी निघताना त्यानं पिशवीतून तुझ्या पत्रांचा जुडगा काढून मला दाखवला. स्वतःला वाचता येत नाही त्याला. गावात कुणाकडून तरी वाचून घ्यायचा. म्हणाला, "मास्तर, वाचनारा कुनी बी असू द्या, आवाज तिचाच येतो." मी एक पत्र वाचलं. खरंच येतो. तू जिंकलीस. माझ्याकडं मात्र तुझ्या हातचं एकही पत्र नाही. आपण अठरा वर्षं एका घरात राहिलो, पत्र कशाला लिहिशील?

आज घर पुन्हा गप्प आहे. त्या चार वर्षांत होतं तेवढंच. फरक एवढाच की तेव्हा माझी चूक होती आणि ती सुधारता आली. या खेपेला चूक कुणाचीच नाही. संध्याकाळी मी उगीच परसात जाऊन आलो. आत्ताची शेळी त्या शेळीची पणती असेल, ती काही बोलली नाही.

मग तुळसा भाकरी घेऊन आली. पदर पुढं ओढून दारातच उभी राहिली. या गावातल्या बाया अजून माझ्यापुढं तोंड उघडत नाहीत, मी चुका काढीन म्हणून. मीच म्हणालो, तुळसाबाई, बसा, तिच्याबद्दल काही सांगा. भाकरी खाली ठेवून ती उंबऱ्याशी टेकली. मग म्हणाली, "काय सांगू मास्तर? ती तुमाला लई मानायची. म्हनायची, आमचे ह्ये सगळ्या परिक्षा पास झाले. एकच इषय कच्चा ऱ्हायला."

मी विचारलं, कोणता?

"त्यो न्हाई सांगितला. म्हनली, त्येंचं त्येंना कळंल."

तुळसा गेल्यावर मी दोन घास खाल्ले आणि लिहायला बसलो. विषय मला ठाऊक आहे. अठरा वर्षं मी पोरांना रोज वर्गात उभं करून एक वाक्य म्हणायला लावलं, कान धरून, हात पुढं करून, कधी रडवून. ते वाक्य मी स्वतः एकदाही कुणापुढं म्हटलं नाही. तुझ्यापुढं म्हणायला गेलो तर त्याचा अर्ज झाला.

तर ऐक. चार वर्षं तू माझ्या घरात व्हतीस आन् मी तुला एकटी ठिवली. तुला बोलायचं व्हतं, मी ऐकलं न्हाई. चुकलं माझं. लई चुकलं.